कोठीतला गहू आणि पाणी न पिणारा चोर

मार्च संपत आला की पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात मध्य प्रदेशच्या गव्हाचे ट्रक लागायला सुरुवात होते. सिहोर, शरबती, लोकवन अशा पाट्या उघड्या गोण्यांत खोचलेल्या असतात. दुकानापुढे उभी असलेली बाई गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळातले मूठभर दाणे वर काढते, त्यातला एक दाढेखाली धरते आणि चावते. कट् असा आवाज झाला तर भावाची बोलणी सुरू. दाणा नुसता चेपला गेला तर तिची पावलं पुढच्या दुकानाकडे वळतात.

धान्याचा ओलावा मोजायची यंत्रं बाजार समित्यांमध्ये असतात. सरकारी खरेदीतही गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढे किंमत कापली जाते आणि १४ च्या वर माल नाकारला जातो. त्या बाईची दाढ साधारण हेच काम करते, बॅटरीशिवाय. हा ओलावा इतका महत्त्वाचा का, हे पुढे कळेलच. आधी पैशांचं बघू, कारण वर्षाचं धान्य एकदम भरण्यामागचं आर्थिक गणित बहुतेकांना वाटतं त्याहून गमतीचं आहे.

गहू हे रब्बीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. पीक वर्षातून एकदा येतं आणि भूक रोज लागते, तेव्हा मधले अकरा महिने तो गहू कुणीतरी सांभाळायला हवा. व्यापारी तो सांभाळतो. त्याला गोदामाचं भाडं पडतं, अडकलेल्या पैशांवर व्याज जातं, धुरी द्यावी लागते, हमाली असते, थोडा माल उंदीर-किडे खातात आणि भाव पडण्याची धास्ती वेगळीच. हे सगळं तो दर महिन्याच्या भावात थोडं थोडं मिळवत जातो. म्हणून गव्हाचा भाव साधारणपणे एप्रिल-मेमध्ये खाली असतो आणि डिसेंबर-जानेवारीत वर. जानेवारीत आपण दुकानातून गहू आणतो तेव्हा एक किंमत गव्हाची देतो आणि दुसरी त्याला नऊ महिने सांभाळल्याची. ही दुसरी किंमत आपल्या घरातली कोठीही कमावू शकते.

किती कमावते? सोयीचे आकडे घेऊ. चौघांचं घर, महिन्याला १५ किलो गहू, म्हणजे वर्षाला १८० किलो. समजा एप्रिलमध्ये तो ३४ रुपये किलोनं मिळाला आणि भाव हळूहळू चढत पुढच्या मार्चपर्यंत ४२ वर गेला. वर्षाची सरासरी ३८. दर महिन्याला आणणाऱ्या घराचे ६,८४० रुपये गेले, एकदम भरणाऱ्याचे ६,१२०. फरक ७२० रुपयांचा. एवढ्यासाठी कोण गोण्या चढवेल, असं वाटणं साहजिक आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते ६,१२० रुपये वर्षभर अडकलेले नसतात. गहू दळला जातो तसतसे ते मोकळे होत जातात, कारण त्या महिन्याचा गव्हाचा खर्च वाचलेला असतो. सरासरी काढली तर वर्षभर अडकतात जेमतेम तीन हजार. तीन हजारांवर वर्षाला सातशे वीस! तेवढ्याच रकमेच्या मुदत ठेवीवर दोन-सव्वादोनशे मिळाले असते. शिवाय या कमाईवर प्राप्तिकर नाही, आणि बाजारातून गोणीनं घेतल्यामुळे किराणा दुकानदाराचा सुट्या मालावरचा नफा वाचला तो मी यात धरलेलाच नाही.

आता याच गणिताची दुसरी बाजू. वर्षभरात दहा टक्के गहू किडला, म्हणजे १८ किलो गेला, तर सरासरी भावानं ६८४ रुपये बुडाले. सगळी कमाई स्वाहा. म्हणजे या धंद्यात नफा आणि तोटा यांच्यामध्ये उभा आहे तो जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा, पुढे सोंड असलेला एक किडा. आपण त्याला सोंडा म्हणतो. धान्यभरणीची सगळी विद्या म्हणजे या किड्याशी चाललेलं भांडण आहे आणि हे भांडण समजून घेताना माणूस खरोखर थक्क होतो.

सोंड्याच्या सोंडेच्या टोकाला जबडे असतात. मादी गव्हाच्या दाण्यावर उभी राहून सोंडेनं एक भोक पाडते, मग वळते, त्या भोकात एकच अंडं घालते आणि वरून चिकट स्राव सोडून भोक बुजवून टाकते. हा स्राव वाळला की बाहेरून काहीच दिसत नाही. आत अंड्यातून अळी बाहेर पडते, दाण्याचा गर खात मोठी होते, तिथेच कोशात जाते आणि तिथेच पूर्ण किडा होऊन दाणा कुरतडत बाहेर येते. पावसाळ्यातल्या उबदार हवेत या सगळ्याला महिनाभर पुरतो. एक मादी आयुष्यात तीन-चारशेपर्यंत अंडी घालू शकते. स्वच्छ, चाळलेला, निवडलेला गहू भरला आणि ऑगस्टमध्ये डब्याचं झाकण उघडल्यावर सोंडे निघाले, यात निवडणारीचा काही दोष नसतो. चाळणीतून फक्त बाहेर हिंडणारे किडे पडतात, दाण्याच्या आतली अळी चाळणीला दिसत नाही.

पण खरं कोडं पुढे आहे. हा किडा पाणी कुठून पितो? कडकडीत वाळलेल्या गव्हात दहा-अकरा टक्के ओलावा असतो आणि तोही दाण्यात बांधलेला. कोठीत पाण्याचा थेंब नाही. किड्याच्या अंगात मात्र वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असतं आणि इतका चिमुकला जीव तर चटकन वाळून जायला हवा. सोंडा यावर दोन युक्त्यांनी मात करतो. पहिली म्हणजे त्याच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे अंगातलं पाणी उडून जात नाही. दुसरी युक्ती अधिक चकित करणारी. तो पाणी तयार करतो. पिष्ट खाऊन श्वासातल्या प्राणवायूनं ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. शंभर ग्रॅम पिष्टातून सुमारे ५५ ग्रॅम पाणी मिळतं. तुमचा-माझा देहही हेच करतो, पण आपल्याला तेवढं पुरत नाही म्हणून आपण माठाकडे जातो. सोंड्याचं मात्र मुख्यतः यावरच भागतं. किडलेल्या पोत्यात हात घातला तर आतला गहू गरम आणि किंचित दमट लागतो, तो याच जळण्यामुळे.

हे एकदा कळलं की घरोघरच्या जुन्या पद्धतींकडे बघायची नजरच बदलते. वरवर त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. कुणी धान्याला ऊन दाखवतं, कुणी राख लावतं, कुणी डबा गच्च भरून झाकणाची फट मेणकापडानं बांधतं. या सगळ्यांचा रोख एकाच ठिकाणी असतो, किड्याच्या पाण्यावर.

आधी ऊन. मे महिन्यात गच्चीची फरशी दुपारी पन्नास अंशांच्या पुढे जाते. त्यावर गव्हाचा पातळ थर पसरून दुपारी दोन-तीनदा हात फिरवला तर दाण्यातला ओलावा उतरतो. तो नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेला की सोंड्याची वीण जवळजवळ थांबते. आणि दाणाच पन्नास अंशांच्या पुढे काही तास तापला तर आत दडलेली अळीही मरते. थर पातळ हवा हे मात्र विसरायचं नाही. जाड ढीग घातला तर किडे खालच्या गार दाण्यांत सरकतात आणि वरचं ऊन वाया जातं. यानंतर जाणत्या बायका एक गोष्ट हमखास करतात आणि नवख्या विसरतात. गहू रात्रभर सावलीत गार होऊ द्यायचा आणि मगच भरायचा. गरम गहू डब्यात बंद केला तर त्यातून सुटलेली वाफ रात्री झाकणाला आतून पाणी होऊन लागते आणि वरचा थर भिजतो. दिवसभर काढलेला ओलावा पुन्हा आपणच आत कोंडतो.

हे सगळं मृग लागायच्या आत उरकायचं असतं, त्यालाही कारण आहे. धान्य हवेतला ओलावा शोषतं. सत्तर टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडा गहू हळूहळू तेरा-चौदा टक्क्यांवर जाऊन थांबतो. मुंबई-कोकणात जुलैत हवेची आर्द्रता पंच्याऐंशीच्या आसपास असते. तिथे उघड्या पोत्यातल्या गव्हाचं काय होत असेल ते सांगायला नको.

राखेची गोष्ट याहून मजेची. कडवे वाल, चवळी, बियाण्याची कडधान्यं राखेत घोळवून ठेवायची पद्धत गावोगावी आहे. राख कडू लागते म्हणून किडे येत नाहीत, असं सांगितलं जातं. १९४० च्या दशकात व्हिन्सेंट विगल्सवर्थ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं बारीक टोकदार भुकटीत किडे चालवून पाहिले तेव्हा वेगळंच समोर आलं. भुकटीचे कण कवचावर घासले की मेणाचा तो पातळ थर ओरखडला जातो, अंगातलं पाणी उडू लागतं आणि किडा चक्क सुकून मरतो. चुलीतल्या राखेत हा ओरखडण्याचा गुण असतोच, शिवाय राख दाण्यांमधल्या फटी बुजवते, त्यामुळे किड्याला हिंडायलाही जड जातं. गॅस आल्यापासून राख दुर्मीळ झाली, हा भाग वेगळा.

आणि मग हवाबंद साठवण. सांगलीजवळच्या हरिपुरात कृष्णेच्या काठी हळदीची पेवं आहेत. तोंड निमुळतं, पोट रुंद, माणूस शिडीनं उतरेल इतका खोल खड्डा. तिथल्या जमिनीचा गुण असा की आत पाणी झिरपत नाही. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर मात्र लगेच कुणी आत उतरत नाही. आत हवा असते, पण जगण्यासारखी नसते. बंद पेवात जे काही किडे असतात ते सुरुवातीला श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो आणि त्यांचा डाव त्यांच्यावरच उलटतो. २००५ च्या महापुरात ही पेवं पाण्याखाली गेली आणि अनेक निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिच्या जुन्या घरांपैकी बरीच मोडून पडलेली होती.

प्राणवायू संपल्यावर किडा गुदमरून मरतो, असं बरीच वर्षं गृहीत धरलं होतं. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी तिहेरी हवाबंद पोती तयार करणाऱ्या लॅरी मरडॉक यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं की गोष्ट याहून खोल आहे. प्राणवायू कमी झाला की खाल्लेलं पिष्ट जळत नाही, म्हणजे घरचं पाणी तयार होणं बंद. बाहेर पाणी नाहीच. किडा खाणं सोडतो, वाढ थांबते आणि शेवटी तो तहानेनं मरतो. पेव, बळद, शेणामातीनं लिंपलेली कणगी आणि आपल्या स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, सगळ्यांचं शास्त्र एकच.

यातून घरासाठी एक नियम निघतो आणि तो बहुतेक जण मोडतात. शंभर किलोची एकच मोठी कोठी घेऊन तिच्यातून रोज वाडगाभर गहू काढायचा, ही सर्वांत वाईट पद्धत. रोज नवी हवा आत जाते, आणि कोठी रिकामी होत जाते तशी किड्यांसाठी हवेची पेटी मोठी होत जाते. त्यापेक्षा पंधरा-वीस किलोचे डबे, काठोकाठ गच्च भरलेले, फट बंद केलेले. महिन्याला एकच उघडायचा. तेलाचे पत्र्याचे डबे घरात इतकी वर्षं का टिकून राहिले, याचं हेही एक कारण असावं असा माझा कयास आहे.

कडधान्यांचा चोर वेगळा. मुगावर, चवळीवर, हरभऱ्यावर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसतात ना, ती भुंगेऱ्याची अंडी. मादी ती दाण्याच्या गुळगुळीत सालीवर चिकटवते. अळी अंड्याच्या तळातूनच दाण्यात शिरते, एक क्षणही उघड्यावर येत नाही, आणि महिन्याभरानं गोल झाकण कापून भुंगेरा बाहेर पडतो. म्हणून किडलेल्या मुगाची भोकं अशी कंपासनं काढल्यासारखी गोल असतात. इथे एरंडेल कामाला येतं. किलोला पाच मिली, म्हणजे एक लहान चमचा, दोन्ही तळव्यांनी चोळून प्रत्येक दाण्याला लावायचं. तेलाच्या थरानं अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलं तरी त्याचा श्वास कोंडतो. याच प्रमाणाचे प्रयोग १९७० च्या दशकात प्रयोगशाळांत झाले आणि तेल लावलेल्या दाण्यांत भुंगेऱ्यांची पैदास जवळजवळ बंद पडलेली आढळली. डाळ फोडली की या भुंगेऱ्याला हवी ती गोल सालच राहत नाही, तेव्हा अख्खी तूर भरण्यापेक्षा तुरीची डाळ भरलेली सोयीची. तिला पोरकिडे आणि जाळी लागू शकते, पण एरंडेल आणि ऊन यांनी तीही आवाक्यात राहते.

कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि बिब्बे यांच्याबद्दल मी इतका ठाम नाही. पाला थोडाफार उपयोगी पडतो, पण ओलावा आणि हवा यांच्याकडे दुर्लक्ष करून नुसत्या पाल्यावर विसंबलं तर ऑगस्टमध्ये किडे पाल्यावरच बसलेले दिसतात. बाजारात मिळणाऱ्या पाऱ्याच्या गोळ्या मात्र घरात आणूच नयेत. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावली आहेत, आणि त्या गोळ्यांची विक्री सरकारी यंत्रणा व परवानाधारक धुरीवाले यांच्यापुरतीच मर्यादित आहे. ओळखीच्या दुकानदारानं ‘घेऊन जा ताई, काही होत नाही’ म्हटलं तरीही.

तांदळाची तऱ्हा तर सगळ्यांहून निराळी. गहू सांभाळला तर तसाच राहतो, तांदूळ सांभाळला तर सुधारतो. दिवाळीनंतर आलेल्या नव्या तांदळाचा भात चिकट, गिच्च होतो. सहा महिने-वर्षभर ठेवला की दाण्यातल्या प्रथिनांची वीण घट्ट होत जाते, पिष्टाचे कण शिजताना फुटून सांडत नाहीत, दाणा पाणी जास्त पितो, फुगतो आणि मोकळा होतो. तेवढ्याच तांदळात भात जास्त होतो. म्हणून ‘जुना’ अशी पाटी लागली की किलोमागे चार-सहा रुपये जास्त पडतात. जानेवारी-फेब्रुवारीत नवा कोलम घेऊन वर्षभर मागे ठेवणारं घर सांभाळण्याची किंमत तर वाचवतंच, वर तांदूळ जुना करण्याचीही कमावतं. आंबेमोहोर मात्र फार जुना करण्यात अर्थ नाही, कारण त्याचा सुवास उडत जातो. सुवासासाठी पैसे मोजून सुवासच घालवायचा, हा कसला हिशेब!

कांद्याला यातलं काहीच लागू पडत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये स्वस्त असतो आणि दिवाळीच्या आसपास डोळ्यांतून पाणी काढतो, इथवर गोष्ट गव्हासारखीच. पण धान्याला बंद डबा हवा तर कांद्याला वारा हवा. लासलगाव-पिंपळगावकडच्या कांदाचाळी उंचावर, चहूबाजूंनी फटी ठेवून बांधतात ते त्यासाठीच, आणि तरीही चार-पाच महिन्यांत वजनाची मोठी घट होते. फ्लॅटमध्ये महिन्या-दीड महिन्याच्या वर कांदा साठवायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

शिवाय दरवर्षी बेगमी फायद्याचीच ठरेल असंही नाही. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली, तेव्हा मार्चमध्ये डाळ भरून ठेवलेली घरं भाग्यवान ठरली. पुढच्या वर्षी तो धसका घेऊन अनेकांनी चढ्या भावात डाळ भरली, शेतकऱ्यांनीही तूर भरपूर पेरली, आणि २०१७ उजाडेपर्यंत तुरीचे भाव हमीभावाच्याही खाली आले. २०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेच्या लाटेनं उत्तरेतला गहू बारीक झाला, मेमध्ये निर्यातबंदी आली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला गोण्या उतरवून घेतलेल्यांचं चांगलंच साधलं. याउलट सरकारनं आपल्या साठ्यातला गहू बाजारात सोडला की चढता भाव मध्येच अडतो.

राहिला जागेचा प्रश्न. चाळीत आणि वन-रूम-किचनमध्ये वर्षाचं धान्य ठेवायचं कुठे? १९७५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीनं यावर निराळी वाट काढली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, मागणी एकत्र करून माल थेट मोठ्या प्रमाणात घ्यायचा आणि वाटून टाकायचा. साठवणीतला नफा यात मिळत नाही, गोणीचा भाव मात्र मिळतो. गायक-संगीतकार सुधीर फडके या कामात सुरुवातीपासून होते.

घरात एकच मोकळं कपाट असेल, तर माझ्या हिशेबानं त्यात पहिला मान तूरडाळीचा. तिचा किलोचा भाव गव्हाच्या कितीतरी पट, म्हणजे तेवढ्याच जागेत पैसे जास्त वाचतात, आणि भावाचे चढउतारही मोठे. मग नवा तांदूळ. नंतर लाल मिरची आणि हळद, दोन्हींची आवक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जोरात असते आणि वर्षाला लागते फक्त काही किलो. गव्हाची पाळी सर्वांत शेवटी, पलंगाखाली चार डबे मावत असतील तर. भरायच्या आदल्या दिवशी डबे धुऊन पुसून उन्हात पालथे घाला आणि तळाच्या दुमडीतून सुई फिरवून घ्या. गेल्या वर्षीचं पीठ आणि एखाददुसरा सोंडा तिथेच बसलेला असतो.